तुळजाअक्कांचा राग

गेल्या महिन्यात तंजावूरहून कुणीतरी माझ्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. डॉक्टर तुळजाबाईंची शोकसभा. टेबलावर त्यांचा फोटो, फोटोला मोगऱ्याचा जाडजूड हार, मागे डॉक्टरांच्या संघटनेचा बॅनर. ज्या संघटनेनं त्यांना काढून टाकलं, तिचाच. गावातले डॉक्टर एकामागून एक उठत होते आणि थोड्याफार फरकानं तेच बोलत होते, की बाई फार तापट, पण मनानं चांगल्या. शेवटी सेंदिल उठला. "माझ्या गुरू," म्हणाला आणि रुमालानं डोळे टिपले. मी फोन ओट्यावर उलटा आपटला. काच तडकली. तडकू दे.

तापट, पण मनानं चांगल्या! हा "पण" मला सोसवत नाही. रागाचा भाग वजा करून उरलेल्या बाईला हार घालायचा, असा तो हिशेब आहे. अक्कांमधून राग वजा केला तर काय उरतं, ते मी त्यांच्याजवळ काम करताना पाहिलेलं नाही. तसं काही उरत नसावं.

मी मूळची सोलापूरची, त्वचारोगाची डॉक्टर. नवऱ्याची बँकेतली बदली तंजावूरला झाली म्हणून मी तिथं गेले आणि कुणाच्या तरी ओळखीनं कीळवासलजवळच्या त्यांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले. साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, घट्ट नेसलेली सुती साडी, त्यावर बाह्या दुमडलेला पांढरा कोट आणि पायांत रबरी चपला. मी इंग्रजीत नमस्कार-चमत्कार सुरू केले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "सोलापूर काय? मग हे इंग्रजी कशाला गे? काय जाहलं तुझ्या मराठीला?"

तंजावूरच्या मराठा राजांच्या काळी तिकडे गेलेल्या घराण्यातल्या त्या. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. "झालं"ला त्या "जाहलं" म्हणायच्या, "नको"ला "नक्को". देवनागरी मात्र वाचता यायची नाही. मी त्यांना "मॅडम" म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम नक्को. अक्का म्हण." मला त्या नावानं कधीच हाक मारत नसत. "अगो सोलापूर" म्हणायच्या. मराठी घरच्यांशी, तमिळ पेशंटशी, इंग्रजी औषधाच्या चिठ्ठीवर अशी त्यांची वाटणी होती. राग तिन्ही भाषांत यायचा, पण त्याची सगळ्यांत वरची पट्टी तमिळमध्ये लागायची. ती दाराबाहेर बाकांवर बसलेल्यांना व्यवस्थित ऐकू जायची. गावात त्यांचं नाव पडलं होतं "कोवक्कार डॉक्टर". कोवक्कार म्हणजे रागीट. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की तो पत्ता विचारत नसे.

कोड, सोरायसिस, नायटा, सगळे पेशंट यायचे. पण अक्कांचा जीव अडकला होता तो अंगावर उठणाऱ्या गांधींमध्ये. एखाद्या दिवशी उठून जाणाऱ्या नव्हेत. महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं, रोज उठणाऱ्या. लाल, फुगीर, आग होणारी, खाजणारी चकंदळं. इथली दोन तासांत मावळतात, तिथं नवी उठतात. कधी ओठ सुजतो, कधी डोळा बंद होतो. जीव सहसा जात नाही, पण माणूस झोपेला आणि धडपणे बसण्याला महाग होतो. आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत कातडी स्वच्छ झालेली असते, त्यामुळे घरचे म्हणतात, ढोंग आहे.

या रोगाच्या नावांवरसुद्धा अक्का भडकायच्या. तमिळमध्ये लोक याला काणाक्कडी म्हणतात, म्हणजे न दिसलेल्या कशानं तरी घेतलेला चावा. एकदा मी बोलता बोलता "हिला पित्त उठलंय" असं म्हणून गेले. आमच्या घरी लहानपणी गांधी उठल्या की आई आमसूल चोळायची, तेच तोंडात बसलेलं. अक्कांनी पेन खाली ठेवलं.

"कुठलं पित्त? मला दाखव. बशीत काढून दाखव."

"अक्का, आमच्याकडे म्हणतात तसं."

"तुमच्याकडे पित्त म्हणतात म्हणून तिचं जेवण बंद होतं. आमच्याकडे चावा म्हणतात म्हणून मंत्र घालायला नेतात. डॉक्टर ॲलर्जी म्हणतो म्हणून टेस्टा करतात. बाहेरून कोणी चावलं नाही, आत काही सांडलं नाही. हिच्या कातडीतल्या पेशीच कारण नसता भडकतात. हे तिला सांगायला पाच मिनिटं लागतात गे. पाच मिनिटं कोणाकडे नाहीत!"

त्यांच्याकडे होती. प्रत्येक पेशंटला त्या तेच प्रश्न विचारायच्या, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखे. एक गांध किती वेळ टिकते? खाजते की दुखते? जाताना डाग ठेवते का? ओठ सुजतो का? अंगदुखीच्या गोळ्या घेतेस का? मग कपाटाच्या किल्लीच्या बोथट टोकानं पाठीवर रेघ ओढायच्या आणि ती फुगून वर येते का ते पाहायच्या. अंगावर गांध दिसलीच तर तिच्याभोवती निळ्या बॉलपेननं गोल काढायचा आणि उद्या ये म्हणायचं. उद्या गोल रिकामा असला तर रोग कोणता ते ठरलं. थायरॉइड आणि रक्ताच्या एक-दोन साध्या तपासण्या, बाकी काही नाही. मग झोप न आणणारी गोळी रोज. गुण आला नाही तर तीच वाढवत चौपट. त्यानंही भागलं नाही तर महिन्याला घ्यायचं एक खास इंजेक्शन, पण ते अगदी शेवटी. "गांध उठो न उठो, गोळी रोज," हे वाक्य त्या दाराबाहेर जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर फेकायच्या. बरं वाटलं म्हणून ज्यानं गोळी बंद केली असेल तो पुढच्या खेपेला बाकावर बसूनच घाम पुसायचा.

सेल्वीची गोष्ट सांगते. नवं लग्न झालेली मुलगी, सासूबरोबर आली. हातांच्या काड्या झालेल्या. कुठल्याशा लॅबमध्ये तिची ॲलर्जीची मोठी टेस्ट केली होती आणि तिच्या कागदावर वांगं, दूध, अंडं, शेंगदाणे, डाळ, नारळ, मासे असं सगळं बंद लिहिलं होतं. कित्येक महिने ती मीठ घातलेल्या कांजीवर होती. गांधी जशाच्या तशा उठत होत्या. सासू म्हणाली, "चोरून खात असणार. नाहीतर अजून उठतात कशा?"

अक्कांनी उठून आपला डबा आणला. सांबार-भात आणि वांग्याची भाजी. तो सेल्वीपुढे ठेवला.

"जेव."

मुलगी सासूकडे बघायला लागली.

"तिच्याकडे काय बघतेस? तिनं रोग दिलाय का तुला? जेव!"

सेल्वीनं एक घास घेतला, मग दुसरा. मग ती थांबेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं डब्यात फिरत होती. अक्का खुर्ची सासूच्या समोर ओढून बसल्या आणि मग तोंड सुटलं. उपाशी ठेवलंत, वर चोर म्हणालात. कागदावर विश्वास ठेवलात, समोर वाळत चाललेल्या पोरीवर नाही. आता इथं बसायचं, बाहेर पेशंट थांबू देत. दुपारपर्यंत हिला त्या वांग्यानं काही झालं तर माझी पाटी उतरवते. काही झालं नाही तर घरी जाऊन हिला वाढायचं, आपल्या हातानं.

दुपारपर्यंत सासू बसली. सेल्वीच्या अंगावर गांधी उठल्या, मनगटावर, रोजच्या वेळेला उठायच्या तशाच आणि तेवढ्याच. अक्कांनी त्यांच्याभोवती निळे गोल काढले आणि सासूला म्हणाल्या, "बघ. कांजीवर असते तेव्हाही एवढ्याच. वांग्याला यांच्याशी घेणं नाही." निघताना सासूनं त्यांच्या पायांना हात लावला. अक्कांनी पाय मागे घेतले. त्यांना लॅबवाला हवा होता समोर, म्हातारी नव्हे.

त्यांचा राग नेहमी योग्य माणसावरच पडायचा असं मी म्हणणार नाही. पापनाशमहून शिवणकाम करणारी एक बाई येत असे. गोळी चौपट झाली तरी तिला फरक नव्हता. अक्कांनी तिला झापलं. गोळ्या फेकून देतेस, खोटं बोलतेस, वेळ घालवतेस माझा. ती बाई पुढच्या वेळी आलीच नाही. काही दिवसांनी तिचा नवरा औषधाची चिठ्ठी मागायला आला. अक्कांनी विचारलं, मागच्या वेळी मी काढलेले गोल? तो म्हणाला, पुसले गेले, पण आतले डाग तसेच आहेत. निळसर. आणि दुखतात.

अक्का खुर्चीतून उठल्या. गांध चोवीस तासांच्या पुढे टिकते आणि जाताना काळानिळा डाग ठेवते, तेव्हा आत रक्तवाहिन्यांना सूज असू शकते. तो वेगळा रोग, त्याला वेगळे उपचार. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी बाहेरच्या पेशंटना माझ्यावर सोपवलं, त्या माणसाबरोबर बस पकडली आणि पापनाशमला त्याच्या घरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला त्या बाईनंच नंतर सांगितलं. अक्का शिलाई मशीनजवळ उभं राहून म्हणाल्या, "तू खरं बोलत होतीस. मी ऐकलं नाही. चल, एक छोटा तुकडा काढून तपासायचाय." संध्याकाळी परत आल्या तेव्हा स्वतःवर एवढ्या चिडलेल्या होत्या की कंपाउंडरनं त्यांच्यापुढे कॉफी ठेवायचं धाडस केलं नाही. तपासणीत तोच रोग निघाला. पुढे ती बाई सुधारली.

अक्कांना स्वतःला गांधींचा आजार होता. तरुणपणी ठरलेलं लग्न त्यामुळे मोडलं असं गावात बोलत. विचारलं तर त्या म्हणायच्या, "मोडलं ते बरं जाहलं." लोक म्हणत, म्हणूनच एवढा राग. मला हे पटत नाही. स्वतःचं दुखणं असलेले पुष्कळ डॉक्टर मी पाहिलेत. ते शांतपणे दुसऱ्यांचं दुखणं विकतात.

सेंदिल हा अक्कांच्याच हाताखाली शिकलेला. माझ्या आधी माझ्याच खुर्चीवर बसणारा. हुशार, गोड बोलणारा. त्यानं नव्या बसस्टँडकडे स्वतःचा दवाखाना थाटला. वर मोठी पाटी लावली, ॲलर्जीतून एका ऊसीत मुक्ती. ऊसी म्हणजे सुई, इंजेक्शन. ते होतं लांब मुदतीचं स्टेरॉइड. दिल्यावर एका दिवसात अंग स्वच्छ. काही आठवड्यांनी सगळं पूर्वीपेक्षा जोरात. मग पुन्हा ऊसी. अक्कांचे पेशंट तिकडे वळायला लागले. वळणारच. इथे शिव्या आणि रोजची गोळी, तिथे एसी आणि मुक्ती.

विशालम टीचर त्यातल्याच एक. तिरुवैयारुला वीणा शिकवायच्या. लहानपणापासून जमिनीवर मांडी घालून वीणा घेतलेली बाई. अक्कांकडे वर्षभर होत्या, अर्धा गुण आला होता. मग एका लग्नात वाजवायचं होतं आणि चेहरा सुजलेला, म्हणून त्या सेंदिलकडे गेल्या. नंतर जातच राहिल्या. परत आमच्याकडे आल्या त्या दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. चेहरा गोल फुगलेला, रक्तातली साखर वाढलेली आणि खुब्यात जीवघेणी कळ. फोटो काढला तर दोन्ही खुब्यांच्या हाडांचे गोळे आतून मेलेले. स्टेरॉइडनं कधी कधी हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि हे असं होतं.

विशालम टीचरना त्या फोटोतलं काही कळलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "अम्मा, मांडी कधी घालता येईल?"

अक्कांनी फोटो पाकिटात घातला. म्हणाल्या, "सोलापूर, रिक्षा बोलाव."

आम्ही तिघी सेंदिलच्या दवाखान्यात गेलो. बाहेरची खोली भरलेली होती. अक्कांनी विशालम टीचरना खुर्चीवर बसवलं, स्वतः मधोमध उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये, त्यांच्या सगळ्यांत वरच्या पट्टीत, सांगायला लागल्या. ऊसीत काय असतं, ती काय करते, या बाईचं काय झालं. रिसेप्शनवरची मुलगी आत पळाली. सेंदिल बाहेर आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आधी अक्कांच्या पायांकडे वाकला.

"हात लावू नकोस."

"अम्मा, आत बसून बोलू."

"तू बाहेर पाटी लावलीस. मी बाहेरच बोलणार. हिला सांगितलं होतंस, त्या ऊसीत काय आहे?"

"त्यांनीच मागितली अम्मा. लग्नात वाजवायचं होतं त्यांना."

"पुढच्या ऊसी कुठल्या लग्नासाठी दिल्यास?"

त्याचा आवाज बदलला. "तुम्ही त्यांना काय देता? दोन वर्षं गोळी खा, कदाचित जाईल. आणि वर ओरडा. मी त्यांना झोप देतो. माझ्याकडून जाताना लोक हसत जातात."

अक्कांना हे लागलं. मला दिसलं. त्यात थोडं खरं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या विशालम टीचरकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी ओरडले नसते तर तू माझ्याकडे राहिली असतीस का?"

विशालम टीचर म्हणाल्या, "नाही अम्मा. मला लवकर बरं व्हायचं होतं."

अक्कांनी मान हलवली. मग सेंदिलकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? हिला बरं व्हायचं होतं. तुला ठाऊक होतं की हे बरं होणं नव्हे. फरक एवढाच आहे, आणि तो तुझ्या माथ्यावर आहे."

पुढे जे झालं त्यानं माझं रक्त अजून तापतं. सेंदिलनं संघटनेकडे तक्रार केली, की दवाखान्यात येऊन बदनामी केली. अक्कांनीही वरिष्ठ मंडळाकडे तक्रार केली, ती कुठल्या फायलीत गेली कुणास ठाऊक. संघटनेनं मात्र तातडीनं बैठक बोलावली. टेबलापलीकडे बसलेल्यांतले निम्मे जण स्वतः तीच ऊसी देत होते. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "आपल्या व्यवसायाची अब्रू रस्त्यावर आणायची नसते. एवढं म्हणा, की रागाच्या भरात झालं. विषय मिटवू."

"मागते माफी," अक्का म्हणाल्या. "विशालम टीचरला बोलवा. तिला खाली मांडी घालून बसवा. ती बसली की तिच्यासमोर मागते."

एकजण मोबाइल चाळत होता. मी तेव्हा म्हणाले की मीही त्या दवाखान्यात होते आणि अक्का बोलल्या त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या आहात." विषय मिटला. अक्कांचं सभासदत्व गेलं. सेंदिलची पाटी तिथंच राहिली, पुढं तिच्यात दिवे बसवले.

विशालम टीचरचे खुबे बदलावे लागले. त्या आता खुर्चीत बसून, समोरच्या बाकड्यावर वीणा ठेवून शिकवतात. गोळी रोज घेत राहिल्या आणि त्यांच्या गांधी पुढे एक-दोन वर्षांत मावळल्या, बऱ्याच जणांच्या मावळतात तशा. ऊसीशिवाय मावळल्याच असत्या. हे त्यांना कळतं. त्या हे कधी बोलून दाखवत नाहीत, आणि त्यांचं हे न बोलणं अक्कांना कुठल्याही तक्रारीपेक्षा जास्त पेटवायचं.

त्यानंतर अक्कांनी एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी आपला दवाखाना आटोपला की त्या सेंदिलच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर जाऊन बसायच्या. टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. दवाखान्यातून खाजवत किंवा दंड चोळत कुणी बाहेर आलं की त्याला हाक मारायची आणि विचारायचं, ऊसीत काय होतं? पोलीस आला, म्हणाला अम्मा इथं बसू नका. म्हणाल्या, "कॉफी पितेय. कॉफीला परवानगी लागते का?" गावातले डॉक्टर म्हणायला लागले, बाईंचं डोकं फिरलं. शोकसभेत उठून बोलले ते हेच लोक.

माझ्या नवऱ्याची परत बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी अक्कांचा निरोप घेतला होता. त्यांनी पाठीवर एक धपाटा घातला होता, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीसाठी आमची रिक्षा नव्या बसस्टँडवरून चालली होती आणि मला अक्का टपरीच्या स्टुलावर दिसल्या. मी रिक्षा थांबवली. मधे रस्ता, बसची गर्दी. अक्कांनी मला पाहिलं नाही. समोर हिरव्या साडीतली एक बाई उभी होती, कडेवर मूल, दंडावर कापसाचा बोळा दाबलेला. अक्का तिला झापत होत्या, आवाज रस्त्याच्या या बाजूला येत होता.

"अंगात काय घातलं ते माहीत नाही? भाजी घेताना कुठली ते विचारतेस ना? मग ऊसी घेताना तोंडाला काय होतं? नाव विचार. लिहून माग. तुझा दंड आहे!"

बाई रडवेली झाली. चार पावलं बसकडे गेली. मला वाटलं, गेली, हीसुद्धा गेली. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, गाडी चुकेल."

बाई थांबली. तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, वळली, रस्ता ओलांडून परत दवाखान्याच्या पायऱ्या चढली आणि काचेचं दार ढकलून आत गेली.

अक्कांनी तेवढं पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.